तुमच्या टेबलावरचा ड्रॅगन: अनुभव येऊ द्या!

नमस्कार मंडळी,

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, आपापलं पात्र रंगवत फाशांनी खेळायचा खेळ १९७४ साली आला. नावातच ड्रॅगन, तरी वर्षानुवर्षं खेळूनही तो न भेटलेले खेळाडू मला सारखे दिसतात. कॅम्पेन (बैठकीमागून बैठक पुढे चालणारी गोष्ट) गॉब्लिन आणि डाकूंमध्येच रेंगाळतं, मग कोणाची नोकरी बदलते, कोणाची परीक्षा येते, आणि ड्रॅगन गुहेत सुखाने झोपून राहतो. ज्यांना भेटला त्यांच्यासाठी हा धागा. डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) म्हणून चालवला असेल किंवा खेळाडू म्हणून अंगावर घेतला असेल, आवृत्ती कोणतीही चालेल. फक्त 'मारला आणि खजिना घेतला' एवढ्यावर उरकू नका. तो कसा वागला ते लिहा.

सुरुवात मीच करते. पाचवी आवृत्ती, पार्टी (आमच्या पात्रांची टोळी) तिसऱ्या लेव्हलची, म्हणजे अजून कच्चीच, बर्फाच्या भेगेत पांढऱ्या ड्रॅगनचं पिल्लू. एचपी (अंगात किती जीव आहे त्याचे गुण) फक्त ३२, त्यामुळे आमचा फायटर निर्धास्त. पहिल्याच फेरीत पिल्लाने ब्रेथ वेपन (श्वासातून सोडायचं अस्त्र) वापरलं: पाच आठ-बाजूंचे फासे, म्हणजे सरासरी २२ नुकसान. विझर्डकडे (आमच्या जादूगाराकडे) तेवढे एचपीच नव्हते. पुढचा सगळा वेळ पिल्लू बाजूला राहिलं आणि आम्ही विझर्डला पाय धरून बाहेर ओढत होतो. सुटलो एकदाचे, तर डीएम थंडपणे म्हणाला, "आणि हे पिल्लू होतं. आई कुठे असेल?"

*

मस्त धागा! आमचा निळा होता. वाळवंट, पूर्ण वाढलेला ड्रॅगन, आणि आम्ही सगळे माना वर करून आकाशाकडे बघत चाललेलो. पण निळे ड्रॅगन वाळू खणून आत दडी मारतात, वर राहतं ते फक्त नाकावरचं शिंग. लांबून खडकाचा सुळका वाटतो. आमच्या 'रोग'ने (चोर-पात्राने) त्याच 'खडका'च्या सावलीत बसून पाणी प्यायचं ठरवलं.

त्यात निळ्याची वीज सरळ रेषेत जाते, ९० फूट. आणि आम्ही उंटांसह एका ओळीत. डीएमने पट्टी मागवली, नकाशावर ठेवली आणि काही न बोलता आमच्याकडे बघत राहिला. पट्टीखाली सगळेच होते.

*

ब्रेथ परत यायला सहा-बाजूंच्या फाशावर ५ किंवा ६ लागतो ना, तो फासा आमचा डीएम पडद्यामागे टाकत नाही. टेबलाच्या मधोमध टाकतो. लाल ड्रॅगनशी झालेल्या लढाईतलं बाकी काही आठवत नाही, तो फासा गरगरताना सगळ्यांनी धरलेला श्वास तेवढा आठवतो.

*

मी डीएम आहे, आणि माझं मत जरा वेगळं: ड्रॅगनशी लढायची वेळ येणं हाच त्याचा अपमान. आमच्या कॅम्पेनमधला हिरवा ड्रॅगन कोणावर एकदाही विषारी वायू सोडायला आला नाही. हिरवे मुळातच कपटी, माणसं फितवण्यात त्यांना खरा रस. माझ्या हिरवीने (हो, मादी होती) जंगलाच्या कडेच्या तीन गावांना एकमेकांबद्दल खरीच माहिती पुरवली, फक्त अर्धी अर्धी. पार्टी आली ती भांडण मिटवायला. क्लेरिकला (पुजारी पात्राला) तिने जंगलातल्या जुन्या देवळाचा पत्ता दिला, तोही खरा. पॅलाडिनला (धर्मयोद्ध्याला) त्याच्या हरवलेल्या भावाची खबर दिली. मोबदल्यात काहीही मागितलं नाही, आणि यातच गोम होती. पुढे पुढे 'तिला विचारून बघू' हे पार्टीच्या तोंडी आपसूक यायला लागलं. एकदा तर एका खेळाडूने माझ्या देखत दुसऱ्याला बजावलं, "असं काही बोलू नकोस, तिला वाईट वाटेल." मी पडद्यामागे वही तोंडावर धरून हसले.

शेवटी गावं जळली ती पार्टीच्याच हातून. तिला पंखही उघडावे लागले नाहीत. बार्ड (पार्टीतला भाट) अजूनही म्हणतो की तिच्यावर आरोप करायला पुरावा नाही.

*

वरच्या ताईंना दंडवत. पण लढाईही हवीच हो! माझी तक्रार आहे लेजंडरी रेझिस्टन्सवर. दिवसातून तीन वेळा ड्रॅगन फसलेला सेव्ह (हल्ल्यातून वाचण्यासाठी टाकायचा फासा) सरळ यशस्वी ठरवतो. मी विझर्ड खेळतो, सगळ्यात भारी स्पेल (मंत्र) राखून ठेवतो, तो लागतो, आणि डीएम म्हणतो, "नाही लागला." त्या संध्याकाळी मी तसाच बसून होतो.

*

पण ते नसेल तर बलाढ्य ड्रॅगन पहिल्याच फेरीत एका स्पेलने गार होतो, मग मजा काय? आधी स्वस्तातले स्पेल टाकून ते तीन संपवायचे, असा आमच्याकडे रिवाज आहे.

*

जुन्या खेळाडूंपैकी कोणी दिसत नाही, म्हणून लिहितो. आम्ही १९८१ चे बेसिक नियम वापरतो. त्यात ड्रॅगनचा पहिला हल्ला ब्रेथचाच, दिवसातून तीनदा, आणि नुकसान किती, तर त्या क्षणी ड्रॅगनचे जेवढे एचपी शिल्लक तेवढं. सेव्ह झाला तर निम्मं. म्हणजे तो घायाळ होत जाईल तशी त्याची आगही मंदावते. त्यामुळे आमची सगळी अक्कल तो झोपलेला असताना गाठण्यात जाते. शिवाय त्या नियमांत ड्रॅगनला ठार न करता तलवारीच्या चपट्या बाजूने बडवून शरण आणता येतं. आम्ही एक काळा असा वश केला. तो बोलणारा निघाला आणि परत येईपर्यंत दलदलीतल्या प्रत्येक वळणावर आमच्या लढण्यातल्या चुका काढत होता.

*

बोलणाऱ्यांवरून आठवलं. पितळी ड्रॅगन! धातूंचे ड्रॅगन सहसा भल्या वृत्तीचे, आणि पितळी त्यातला गप्पिष्ट. गप्पा न मारता निघून जाणाऱ्याला तो झोपेच्या वायूने आडवं करतो आणि जाग येईपर्यंत गळ्यापर्यंत वाळूत पुरून ठेवतो. आम्ही घाईत होतो, राजकन्या की कोणीतरी संकटात होतं. पूर्ण सेशन आमची फक्त डोकी वाळूबाहेर, आणि तो हवामानापासून राजघराण्यांच्या भानगडींपर्यंत बोलत होता. आमचा बार्बेरियन एरवी टेबलावर तोंड उघडत नाही. तो त्या दिवशी ड्रॅगनशी मेंढ्यांच्या जातींवर तावातावाने वाद घालत बसला. बाकीच्यांना मोकळं केल्यावरही त्याला पुरलेलंच ठेवायचं ठरलं, त्याच्याच विनंतीवरून. राजकन्येचं काय झालं ते पुढच्या शनिवारी कळेल.