कलामेळ्यातील कलाकारांच्या जाहीर संवादांना जाऊन नेमके काय हाती लागते?

प्रश्न : कलाशिक्षक, कुडाळ तालुका

सर्वांना नमस्कार. मी सिंधुदुर्गातील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना मुले बसवणे, स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवणे आणि गणपतीच्या आधी शाडूची कार्यशाळा घेणे यांतच माझे वर्ष सरते. गेल्या वर्षी मात्र रजा काढून, स्वतःच्या खर्चाने मी एका मोठ्या शहरातील समकालीन कलामेळा पाहून आलो. चित्रे आणि मांडणशिल्पे पाहताना मी रमलो, परंतु ज्या ‘कलाकाराशी संवाद’ या कार्यक्रमासाठी मी मुख्यतः गेलो होतो, त्यातून मी जवळजवळ रिकाम्या हाताने परतलो.

ज्या चित्रकाराच्या कामापुढे मी सकाळी अर्धा तास उभा होतो, तोच दुपारी व्यासपीठावर होता. त्याच्या चित्राचा पृष्ठभाग ताज्या कापलेल्या जांभ्याच्या चिऱ्यासारखा खडबडीत आणि लालसर होता. माझ्या विद्यार्थ्यांनी जांभ्याची माती खळीत कालवून असाच प्रयोग केला होता आणि जुलै उजाडेपर्यंत त्या कागदांवर बुरशी चढून माती सुटू लागली होती, म्हणून त्याने मातीला धरून ठेवण्यासाठी काय वापरले एवढेच मला विचारायचे होते. पन्नास मिनिटांच्या त्या इंग्रजी चर्चेत स्मृती, विस्थापन, अभिलेख असे मोठे शब्द पुष्कळ आले. चित्रकार स्वतः जेमतेम दहा मिनिटे बोलला. शेवटी प्रश्नांसाठी माइक फिरू लागला, तो माझ्या हातात आला आणि मी तो शेजारच्या गृहस्थांकडे दिला. त्याची चुटपुट अजून गेलेली नाही.

या नोव्हेंबरात दोन माजी विद्यार्थ्यांना घेऊन मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर भरणारा ‘आर्ट मुंबई’ पाहण्याचा विचार आहे. दोघांनाही जे.जे. कलाशाळेत प्रवेश घ्यायचा आहे. तेथील व्याख्याने आणि संवाद यांसाठी वेळ राखून ठेवावा, की तोच वेळ चित्रे पाहण्यात घालवावा? आणि अशा ठिकाणी मराठीत प्रश्न विचारला तर चालतो का?

उत्तर १ : पूर्वी कलादालनात नोकरी, आता रत्नागिरी

मी मुंबईत काही वर्षे एका कलादालनासाठी चित्रे टांगण्याचे, खोकी भरण्याचे आणि मेळ्यांत दालन उभे करण्याचे काम केले. आता घरची आंब्याची कलमे पाहतो. तुमचा अनुभव मला अगदी ओळखीचा वाटला.

एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी, ती म्हणजे मेळा हा बाजार आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. कलादालने जागेचे भाडे भरून आपापले दालन मांडतात, सुरुवातीचा वेळ निमंत्रित संग्राहकांसाठी राखलेला असतो आणि आपल्यासारख्यांना दारे त्यानंतर उघडतात. स्वित्झर्लंडमधील बासेलचा मेळा १९७० मध्ये सुरू झाला आणि आपल्याकडे दिल्लीचा ‘इंडिया आर्ट फेअर’ २००८ मध्ये ‘इंडिया आर्ट समिट’ या नावाने सुरू झाला. मुंबईचा तुम्ही म्हणता तो मेळा २०२३ पासूनचा आहे. नुसती खरेदी-विक्री चालू राहिली तर मेळ्याला प्रतिष्ठा येत नाही, म्हणून व्याख्याने, परिसंवाद आणि कलाकारांशी गप्पा यांची जोड दिली जाते. ती जोड खोटी नसते, पण ती बाजाराच्या अंगणातच असते. म्हणून व्यासपीठावर कोण कोणाशेजारी बसले आहे ते पाहावे. एखाद्या चित्रकाराची दहा चित्रे ज्याच्या संग्रहात आहेत तो संग्राहक त्याच चित्रकाराची थोरवी सांगत असेल, तर त्याचे बोलणे ऐकावे जरूर, पण बागायतदाराने पेटीचा वरचा थर दाखवल्यावर आपण खालच्या थरात हात घालून पाहतो, तसे ऐकावे.

निवड करताना मी एकच कसोटी लावत असे. एक कलाकार आणि त्याचे काम खरोखर जाणणारा एक संवादक असा कार्यक्रम असेल तर तो सोडू नये. पाच जणांचा परिसंवाद आणि त्याला ‘भविष्य’, ‘परिसंस्था’ असले शीर्षक असेल तर तो खुशाल सोडावा, कारण अशा चर्चांचे चित्रण पुष्कळदा नंतर यूट्यूबवर येते आणि ते घरी बसून, थांबवत थांबवत ऐकता येते. चित्रासमोरचा अर्धा तास मात्र घरी मिळत नाही. संवादाआधी काम पाहून घ्या (तुम्ही ते आपसूकच केले होते) आणि कार्यक्रम संपल्यावर त्या कलाकाराच्या कलादालनाच्या जागेवर जा. व्यासपीठावर न बोलणारे कलाकार तेथे चहाचा कप हातात घेऊन मोकळेपणाने बोलताना मी अनेकदा पाहिले आहेत. खुर्च्या मोजक्याच असतात, तेव्हा थोडे आधी जाऊन बसणे बरे.

उत्तर २ : एक वाचक, अलिबाग

वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु मूळ प्रश्नातील भाषेचा मुद्दा राहून गेला आहे.

प्रभाकर बरवे यांचा जन्म १९३६ मध्ये आमच्या शेजारच्या नागावचा. पान, शिंपला, घड्याळ अशा साध्या वस्तू एनॅमल रंगांत रंगवणाऱ्या या चित्रकाराने आकार, अवकाश आणि वस्तू यांविषयीचे आपले चिंतन मराठीत लिहून ठेवले आहे. आधुनिक चित्राविषयी मराठीत नेमके बोलता येत नाही हा समज त्यांची दोन पाने वाचली तरी गळून पडतो. तेव्हा आपल्या भाषेत ताकद नाही असे मानून माइक पुढे देऊ नये. मुंबईच्या मेळ्यात मराठी कळणारी माणसे सभागृहात असतातच. प्रश्न एका वाक्यात लिहून न्यावा आणि तो मराठीत विचारावा. भाषांतर करायला कोणीतरी पुढे येतेच.

शिवाय ‘माती कशाने धरून ठेवली’ हा प्रश्न लहान आहे असे तुम्हांला वाटले, हीच खरी चूक झाली. स्मृतीविषयी विचारले की कलाकार तयार उत्तर देतो, कारण ते त्याने शंभर वेळा दिलेले असते. माती, खळ, अस्तर, कापड यांविषयी विचारले की त्याला प्रत्यक्ष कामाचा दिवस आठवतो आणि मग तो खरे बोलू लागतो.

एक अवांतर. बरवे यांच्याच चित्रांचे सिंहावलोकनी प्रदर्शन २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरले, तेव्हा उद्घाटनाच्या भाषणात अमोल पालेकर संग्रहालयाची स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती रद्द झाल्याबद्दल बोलू लागले आणि त्यांना मध्येच थांबवण्यात आले. पालेकर स्वतः जे.जे.त शिकलेले चित्रकार आहेत. कलेच्या व्यासपीठावर काय बोलले जाते यापेक्षा काय बोलू दिले जात नाही, हे कधीकधी अधिक सांगून जाते. मेळ्यात असे थांबवण्याची वेळही सहसा येत नाही, कारण तसा विषय निघतच नाही.

उत्तर ३ : पिंगुळीजवळ राहणारा

दोन्ही उत्तरे चांगली आहेत, पण चित्रावर जाहीर बोलणे ही गोष्ट जणू रेल्वेने मुंबईहून कोकणात आली असा सूर त्यांत लागला आहे, म्हणून लिहितो. गुरुजी, तुमच्या तालुक्यातच पिंगुळी आहे. तेथील ठाकर समाजातील चित्रकथी एकामागून एक चित्र प्रेक्षकांसमोर धरतात आणि वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगतात. चित्रांच्या त्या संचाला पोथी म्हणतात. ही कला आणि कळसूत्री बाहुल्या जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि त्यांनी घराच्या अंगणात उभे केलेले छोटे संग्रहालय कोणालाही पाहता येते.

तरीही चित्रकथी म्हणजे आपला ‘कलाकाराशी संवाद’ असे मी म्हणणार नाही. चित्रकथी स्वतःविषयी बोलत नाही, तो कथेविषयी बोलतो. हातातली पोथी कित्येकदा वाडवडिलांकडून आलेली असते, म्हणजे रंगवणारा आणि सांगणारा एकच असतो असेही नाही. मेळ्यातील कलाकाराला मात्र चित्र बाजूला ठेवून स्वतःची कथा सांगावी लागते. हा फरक तुमच्या विद्यार्थ्यांनी दोन्हीकडे बसून अनुभवावा असे मला वाटते. आणखी एक खटकणारी गोष्ट सांगतो. शहरातील एका कार्यक्रमात लोककलावंताला ‘परंपरा म्हणजे तुमच्यासाठी काय’ असे विचारून दोन मिनिटे गाऊन दाखवायला सांगितलेले मी पाहिले आहे. त्याच व्यासपीठावर शहरी चित्रकाराला गाऊन दाखवा असे कोणी म्हटले नाही. कागद कोणता, रंग कशाचे, एका पोथीला किती दिवस लागतात, त्याचे मोल किती मिळते, यांतले एकही त्या लोककलावंताला विचारले गेले नाही.

नोव्हेंबराआधी मुलांना एकदा पिंगुळीला न्या आणि तेथे त्यांना मालवणीत प्रश्न विचारू द्या. मुंबई जमली नाही, तर डिसेंबरात पणजीत ‘सेरेंडिपिटी’ हा कला महोत्सव असतो. तो २०१६ पासून भरतो, तेथे विक्रीचा बाजार नसतो आणि आपल्याला तो मुंबईपेक्षा कितीतरी जवळ पडतो.

मूळ प्रश्नकर्ता

तिघांचेही आभार. पिंगुळी माझ्या घरापासून फार दूर नाही आणि मी मुलांना तेथे एकदाही नेलेले नाही, हे वाचताना मला ओशाळल्यासारखे झाले. येत्या रविवारी जातो आहोत. मुंबईचे तुतारी एक्स्प्रेसचे आरक्षणही करतो. दादरहून महालक्ष्मीला धीमी लोकल पकडली की झाले.

दोन्ही विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक प्रश्न मराठीत लिहून आणायला सांगितले होते. एकीने लिहिले आहे : ‘पावसाळ्यात तुम्ही हे चित्र कुठे ठेवता?’