पाय कॅन्यन: आईला आणि मुलाला घेऊन जावं का?

कुर्टीवाला: दिवाळीनंतर थायलंडला जातोय. चियांग माईहून पाय गावात दोन रात्री. तिथल्या कॅन्यनचे फोटो बघून बायको खूश, मी धास्तावलोय. आई 64 वर्षांची, गुडघे कुरकुरतात. मुलगा 9 वर्षांचा, एका जागी ठरत नाही. चालायच्या त्या मातीच्या धारा खरंच इतक्या अरुंद आहेत, की कॅमेऱ्याची करामत?

डिचोलीचा भटक्या: करामत नाही हो. मी जानेवारीत गेलो होतो. गावापासून 8 किलोमीटर, चियांग माईच्याच रस्त्यावर, तिकीट नाही. पायऱ्या चढलात की माथ्यावर सपाट जागा. आईंना हळूहळू तिथवर न्या, अख्खी दरी तिथूनच दिसते.

पुढची धार मात्र कुठे दोघे जातील एवढी, कुठे शेताच्या मेरेएवढी. मेरेवरून घसरलात तर चिखलात पडाल, इथे 30 मीटर खाली. कठडा नाही, दोर नाही. माती आपल्यासारखीच तांबडी, उन्हाने टणक झालेली, वर बारीक खडी. पायाखाली मोहरी सांडल्यासारखं वाटतं. आणि मी शहाणा रबरी चपला घालून! जाताना एक टप्पा चढलो, येताना तोच उतरवेना. शेवटी बूड टेकून खरवडत आलो. त्या पँटचा डाग अजून गेला नाही.

मुलाचं म्हणाल तर त्याचा हात धरायला शेजारी जागाच नसते. मला तीच भीती जास्त वाटेल.

म्हापशाची बाय: चियांग माई ते पाय 762 वळणं आहेत, तिथे टी-शर्टांवरसुद्धा हा आकडा छापतात. चोर्ला घाटात ज्यांना मळमळतं त्यांना पुढची सीट द्या. दिवाळीनंतर जाताय ते बरं, फेब्रुवारी-मार्चमध्ये तिकडे रानं-शेतं जाळल्याचा धूर असतो.

कुर्टीवाला: मग आई आणि मुलगा माथ्यावर, आम्ही दोघं पाळीपाळीने?

डिचोलीचा भटक्या: पाळीपाळीनेच, आणि सकाळी. सूर्यास्ताला गर्दी उसळते, सूर्य बुडाला की सगळे एकदम परत फिरतात, अंधारात त्या धारेवर समोरच्याला वाट द्यायची कुठून? मुलगा रुसला तर जवळच पाय नदीवरचा जुना लोखंडी पूल दाखवा, तिथे मनसोक्त पळू दे. बूट विसरू नका.