तुर्कस्तानात शाकाहारी आईबरोबर फिरताना काय खावे?

प्रश्न : वाटसरू
नमस्कार. एप्रिलमध्ये आईला घेऊन सहा दिवस इस्तंबूलला आणि नंतर दोन दिवस गाझियान्तेपला जाणार आहे. मला काहीही चालते. आई मात्र मांस-मासे खात नाही आणि अंडेही टाळते. घरून नेलेल्या कोरड्या खाऊवर आठ दिवस काढण्याची आम्हा दोघांचीही इच्छा नाही. तिथले पारंपरिक पदार्थ चाखायचे आहेत, पण नावावरून आत काय आहे याचा पत्ता लागत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : चुलीपाशी
नाव ऐकून आई ज्याच्या वाटेला जाणार नाहीत, त्या ‘चिय क्योफ्ते’पासूनच सुरुवात करा. शब्दशः अर्थ ‘कच्चे क्योफ्ते’ (कोफ्ते) असा असला आणि मूळ कृतीत कच्चे मांस असले, तरी दुकानांतून सर्रास मिळणारा प्रकार बिनमांसाचा, म्हणजे ‘एत्सिझ’ असतो. बारीक बुलगूर (उकडून वाळवलेल्या गव्हाचा रवा), टोमॅटो-मिरचीचा लगदा आणि उर्फा शहराकडची काळपट ‘इसोत’ मिरची एकजीव होईपर्यंत मळतात आणि त्याचा मुटका वळतात. मुठीत दाबल्याच्या बोटांच्या खुणा त्यावर तशाच उमटलेल्या दिसतात. तो लावाश या पातळ रोटीमध्ये सॅलडच्या पानांसह गुंडाळून, वर लिंबू आणि डाळिंबाचा आंबट-गोड पाक घालून देतात. तिखट खाणाऱ्याला हा पदार्थ परका वाटत नाही.

जेवणासाठी ‘झेयतिन्याली’ हा शब्द लक्षात ठेवा. ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढल्या जाणाऱ्या या भाज्या बहुधा बिनमांसाच्या असतात. दोल्मा म्हणजे सारण भरलेला पदार्थ; ‘यालांजी दोल्मा’ म्हणजे खोटारडा दोल्मा. द्राक्षाच्या पानांत खिमा नसून नुसता भात असतो, म्हणून हे नाव. वांग्याचा ‘इमाम बायिल्दी’ चालेल, पण तसाच दिसणारा ‘कार्नियारिक’ खिम्याचा असतो.

उत्तर : खारा वारा
वरच्या माहितीत एक इशारा जोडतो. तिथे ‘एत’ म्हटले की पुष्कळांच्या मनात गाय-मेंढीचेच मांस येते, कोंबडी नव्हे. त्यामुळे ‘तावुक’ नको, हेही वेगळे सांगावे लागते. मसुराचे ‘मेर्जिमेक चोर्बासी’ हे सूप आणि साधा पिलाव, दोन्ही कधीकधी मांसाच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेले असतात. सर्वांत मोठा सापळा मिठाईच्या दुकानात आहे : ‘तावुक ग्योसू’ ही पांढरीशुभ्र दुधाची खीर दिसते, परंतु तिच्यात कोंबडीच्या छातीच्या मांसाचे तंतू असतात. मी पहिला चमचा तोंडात घातल्यावर हे कळले, आणि मांसाहारी असूनही क्षणभर थबकलो.

तुम्ही स्वतः मात्र ‘मिद्ये दोल्मा’ चुकवू नका. विक्रेता मसालेदार भाताने भरलेला शिंपला उघडतो, वर लिंबू पिळतो आणि वरच्याच शिंपलीचा चमचा करून तुम्ही तो खाता. तुम्ही थांबा म्हणेपर्यंत तो एकामागून एक देत राहतो. गर्दीच्या ठिकाणी, ताजा माल भराभर संपत असेल तिथेच खावा. सोबत आई तिळाने मढवलेले कड्याच्या आकाराचे पाव ‘सिमित’ आणि खारट ‘आयरान’ घेऊ शकतील. आयरान म्हणजे आपले ताकच, फक्त जरा दाट.

उत्तर : चुलीपाशी
खिरीचे नेमके लिहिलेत. गाझियान्तेपच्या बाकलाव्याबद्दलही (पातळ कणकेच्या थरांची पाकातली मिठाई) सांगायला हवे. २०१३ साली युरोपीय संघाने त्याला भौगोलिक संकेताचे संरक्षण दिले, आणि पिस्त्याचा हिरवा थर पाहिल्यावर आईंनाही मोह होईल; पण त्याच्या कणकेत अंडे असते. त्याऐवजी लोकुम या मऊ वड्या निर्धास्त घ्या, कारण ते मुळात साखर आणि स्टार्चचे असते; इस्तंबूलमधील हाजी बेकिर हे दुकान ते १७७७ पासून विकत आले आहे. गाझियान्तेपमध्ये सकाळी पिस्ते आणि साय भरलेली ‘कातमेर’ ही पातळ कणकेची गोड पोळी मिळते. ती मागवण्यापूर्वी ‘युमुर्ता वार मी?’, म्हणजे ‘अंडे आहे का?’, एवढे विचारून घ्या.