मदत हवी आहे: हेप्टनस्टॉलचं अष्टकोनी मेथडिस्ट चॅपेल, १८०२ मध्ये लांबवलं तेव्हा छताचं काय केलं असेल?

नमस्कार मंडळी,
लाकडी छतांची जाण असणारे आणि इंग्लंडमधली जुनी चर्चची कागदपत्रं चाळलेली माणसं, दोन्ही हवी आहेत.

मी सध्या लीड्सला जुन्या इमारतींच्या जतनाचा कोर्स करते आहे. एका खेड्यातल्या प्रार्थनास्थळाचं मॉडेल करायचं आहे आणि मी हेप्टनस्टॉल घेतलंय. वेस्ट यॉर्कशरमध्ये हेब्डन ब्रिजच्या वर, चांगल्या दमछाक करणाऱ्या चढावर हे गाव आहे. एके काळी घरोघरी हातमाग. काळवंडलेल्या दगडाची घरं, दगडी फरसबंदीच्या गल्ल्या. तिथलं मेथडिस्ट चॅपेल १७६४ चं. भिंती उभ्या होत्या पण काम अर्धवट होतं, तेव्हाच मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने आत उभं राहून प्रवचन केलं होतं.

अष्टकोनच का, हे मला सगळ्यात गमतीशीर वाटतं. १७५७ मध्ये वेस्लीने नॉर्विचला डॉ. टेलर यांच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचं नवंकोरं अष्टकोनी सभागृह पाहिलं. टॉमस आयव्हरीने बांधलेलं, १७५६ मध्ये पूर्ण झालेलं. रोजनिशीत त्याने त्याच्या देखणेपणाची तारीफ केली आणि लगेच टोमणाही मारला, की असल्या ठिकाणी जुन्या खडबडीत शुभवर्तमानाला प्रवेश कसा मिळणार! आणि मग स्वतःच्या लोकांना काय सांगितलं? १७७० च्या नियमावलीत आहे: जागा मिळत असेल तर अष्टकोनीच बांधा, आवाजाला ते उत्तम. नावं ठेवायची आणि नकाशा मात्र उचलायचा. पण कारण पटण्यासारखं आहे. लांबट चर्चमध्ये मागच्या बाकावरच्या माणसाला उपदेशक दिसत नाही, ऐकूही येत नाही. अष्टकोनात सगळे जवळ बसतात. शिवाय वेस्ली शेवटपर्यंत अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचा पाद्रीच राहिला. गावच्या पॅरिश चर्चशी स्पर्धा करतोय असं दिसायला नको होतं, त्यामुळे वेगळा आकार सोयीचाच होता.

हेप्टनस्टॉलचं छत गावात बनलंच नाही. रॉदरहॅमला असंच अष्टकोनी चॅपेल झालं होतं, त्याचं छत ज्याने केलं त्यालाच हे काम दिलं. तिथे लाकूड कापून, जुळवून, सुटे भाग घोड्यांवर लादून डोंगरवाटांनी वर आणले. हा तांडा येताना गावकरी सामोरे गेले, असं सांगतात.

आता माझी अडचण. १८०२ मध्ये जागा पुरेना, म्हणून एका टोकाच्या भिंती पाडल्या, बाजूच्या दोन समांतर भिंती पुढे वाढवल्या आणि टोक पुन्हा बांधलं. आज इमारत ओढून लांब केल्यासारखी आहे. मॉडेलमध्ये १७६४ चं छत छान बसलं: आठ त्रिकोणी पाखी, आठ कोपऱ्यांचे वासे मध्यावर एका बिंदूत. मग मी खालचा पुठ्ठा मधोमध कापून दोन भाग लांब सरकवले, तर तो बिंदू हवेत. मधल्या फटीवर काय टाकायचं? जुनं लाकूड ठेवून काम भागतं का, की सगळंच उतरवावं लागतं? आणि हे कुठल्या कागदांत शोधावं?

— मृण्मयी_लीड्स

---

मृण्मयीताई, हे काम आम्ही कोकणात उतरत्या कौलांवर केलंय, तत्त्व तेच. छतही मधोमध चिरायचं. दोन्ही टोकांना अर्धा अर्धा अष्टकोन जसाच्या तसा राहतो. मधे सरळ आढं टाकायचं आणि त्याखाली बाजूच्या दोन समांतर भिंतींवर साध्या कैच्या (त्रिकोणी लाकडी चौकटी). कोपऱ्यांचे वासे आता बिंदूत न मिळता आढ्याच्या दोन टोकांना मिळतात. म्हणजे जुनं बरंच लाकूड वाचू शकतं.

गोम वेगळीच आहे. आठही बाजूंनी येणारे वासे भिंतींना बाहेर ढकलतात. नियमित अष्टकोनात भिंतीच्या माथ्यावरचं लाकडी कडं हा रेटा सगळीकडे सारखा पेलतं. लांबवलं की कडं तुटतं, लांब भिंती एकट्या पडतात. तिथे कैचीची खालची तुळई ओढ धरणार. मॉडेलमध्ये ती दाखवायला विसरू नका, नाहीतर परीक्षक पहिला तोच प्रश्न विचारेल.

— सुतारपक्षी

---

सुतारपक्षींना अनुमोदन. भर एवढीच: सुटं करून आणलेलं छत असेल तर जोडांवर खुणा असायला हव्यात. तिकडचे सुतार पटाशीने रोमन आकड्यांसारख्या रेघा मारत, इकडे वाडा उतरवून दुसरीकडे उभारताना तुळयांवर नंबर टाकतात तसं. माळ्यावर जायची परवानगी मिळाली तर टॉर्च आडवा धरा, समोरून धरलात तर खुणा दिसत नाहीत. क्रम मधेच तुटला किंवा दोन वेगळे क्रम सापडले, तर जुनं-नवं वेगळं करता येईल.

— वाडेकर_जुने

---

कागदांबद्दल मी सांगतो. मेथडिस्ट चॅपेल एकेकटी नसतात, सर्किटमध्ये, म्हणजे आसपासच्या चॅपेलांच्या एका गटात असतात, त्यामुळे चॅपेलच्या नावाने शोधून थांबू नका, सर्किटच्या नावानेही शोधा. स्थानिक कागद सहसा काउंटी अभिलेखागारात. तुमच्यासाठी हॅलिफॅक्सचं कॅल्डरडेल केंद्र, वेस्ट यॉर्कशर अर्काइव्ह सर्व्हिसचं. देशपातळीवरचा संग्रह मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स लायब्ररीत. विश्वस्तांचे ट्रस्ट-डीड आधी मागा. १७६३ पासून वेस्लीचा नमुना-दस्त होता: त्याची प्रवचनं आणि नव्या करारावरच्या टिपा यांपेक्षा वेगळी शिकवण व्यासपीठावरून द्यायची नाही, ही अट त्यातलीच. बांधकामात कर्ज किंवा नवे विश्वस्त आले की कागद तयार होतोच, म्हणून १८०२ च्या आगेमागे हिशेबवह्या बघा.

३० मार्च १८५१ च्या धार्मिक गणनेत प्रत्येक प्रार्थनास्थळाची आसनसंख्या विचारली होती. १९४० मध्ये मेथडिस्टांनी आपल्या सगळ्या इमारतींची मोजदाद केली, तीही छापील मिळते. कारण उघड आहे: १९३२ ला वेस्लियन, प्रिमिटिव्ह आणि युनायटेड या मेथडिस्टांच्या तीन शाखा एकत्र आल्या आणि एकेका खेड्यात दोन-दोन चॅपेलं शिल्लक राहिली.

एक अवांतर: कुणी अमेरिकेतल्या मेथडिस्ट संग्रहाकडे पाठवलं तर जाऊ नका. आपल्याकडच्या मंडळ्यांसाठी तो उपयोगी, कारण मुंबईत १८७१ मध्ये मिशनरी विल्यम टेलर आले ते अमेरिकन शाखेचे. यॉर्कशरचं घराणं वेगळं.

— दप्तरदार

---

सगळ्यांचे आभार. सुतारपक्षीदादा, तुळईचं लक्षात आलं. मधला तुकडा वेगळा सुटा करते, म्हणजे काढून १७६४ आणि घालून १८०२ दाखवता येईल. हॅलिफॅक्सला ईमेल टाकला आहे. आता एकच: आतली गॅलरी (वर बसायचा सज्जा) भिंतींना लागून फिरते. भिंत लांबवताना गॅलरीचे खांब आधी काढतात की शेवटी? मोठ्या लाकडी गॅलरीचं काम कुणी केलंय का?

— मृण्मयी_लीड्स

---

शेवटी नव्हे, सगळ्यात आधी. पण सगळी गॅलरी नाही, पाडायच्या टोकाकडची तेवढी उतरवायची आणि उरलेल्या भागाला खालून टेकू द्यायचे. फोटो असतील तर इथे टाका, खांब ओतीव लोखंडी आहेत की लाकडी त्यावर पुढचं सांगतो.

— सुतारपक्षी