काँग्रेस रेडिओचा दाखला आजच्या विनापरवाना रेडिओला लागू पडतो का?

रत्नागिरीकर:
परवा आमच्या वाचनालयात १९४२ च्या चळवळीवर व्याख्यान झाले. गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहता यांच्याविषयी वक्ते भरभरून बोलले, परंतु त्यांचे ते केंद्र कायद्याच्या दृष्टीने साफ बेकायदा होते, एवढे मात्र म्हणाले नाहीत. माझ्या मते त्या इतिहासाचा गाभा तोच आहे. २७ ऑगस्ट १९४२ पासून ४२.३४ मीटर तरंगलांबीवर ऐकू येणारे काँग्रेस रेडिओ आपण ‘भारतात कुठूनतरी’ बोलत असल्याचे सांगे आणि प्रत्यक्षात मुंबईत चौपाटी-गिरगावच्या बाजूला बिऱ्हाडे बदलत फिरत असे. वृत्तपत्रांवर सेन्सॉरची कात्री चालत असताना विदर्भातील आष्टी-चिमूर इथल्या सरकारी अत्याचारांची वार्ता त्याने लोकांपर्यंत पोहोचवली. १२ नोव्हेंबरला छापा पडला तेव्हा ‘वंदे मातरम्’ चालू होते. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे १९९८ मध्ये पद्मविभूषण. असे असताना, आज तालुक्याच्या गावात कोणी छोटा एफएम प्रक्षेपक उभारला तर त्याला निव्वळ गुन्हेगार का समजावे?

देवगडकर:
ही तुलना मला पटत नाही. त्या काळी परवाना मागायची सोयच नव्हती. युद्ध सुरू होताच हौशी बिनतारी (हॅम) चालकांचेही परवाने रद्द झाले होते. आता २००६ च्या धोरणापासून स्वयंसेवी संस्थेलाही समुदाय रेडिओसाठी, म्हणजे स्थानिक लोकांसाठीच्या छोट्या केंद्रासाठी, अर्ज करता येतो. शिवाय लहरींना गडगा घालता येत नाही. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथेच विमानांच्या दिशादर्शनाचा व संभाषणाचा पट्टा सुरू होतो, त्यामुळे घरी जुळवलेल्या, फिल्टर नसलेल्या प्रक्षेपकाचा उपद्रव चिपी विमानतळावर उतरणाऱ्या विमानालाही होऊ शकतो. उषाताईंचे धाडस थोर होते, पण त्या पुण्याईवर आपण दुसऱ्याचा जीव धोक्यात घालू नये.

रत्नागिरीकर:
तांत्रिक मुद्दा मान्य. मात्र परवाना मिळाला म्हणजे बोलण्याची मोकळीक मिळाली, असे होत नाही. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले, तरीही खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावावे लागते. वर्तमानपत्र काढणाऱ्याला जे चालते, ते रेडिओवाल्याला का चालू नये? काँग्रेस रेडिओ गाण्यांसाठी नव्हे, बातम्यांसाठी जन्माला आले होते.

चिपळूणकर:
मी दोघांच्या मधे पडतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी घरात शिरले तेव्हा वीज गेली, पाठोपाठ मोबाइलही बंद पडले, आणि आम्ही माळ्यावर बसून पाणी चढते आहे की उतरते आहे, एवढेच एकमेकांना विचारत राहिलो. त्या रात्री गावातल्या कोणी सेलवरच्या रेडिओवर ऐकू येईल असे चार शब्द सांगितले असते, तर त्याचा परवाना मी विचारला नसता.

देवगडकर:
त्याच रात्री त्याच रेडिओवरून कोणी चिपळूणच्या वरच्या अंगाचे कोळकेवाडी धरण फुटल्याची आवई उठवली असती, तर माणसे अंधारात पाण्यात उतरली असती, आणि जाब विचारायला ना नाव असते ना पत्ता. आपत्तीसाठी हॅम रेडिओ आहे. त्याचा परवाना परीक्षा देऊन रीतसर मिळतो.

चिपळूणकर:
हॅम चालक दुसऱ्या हॅम चालकाशी बोलतो. माळ्यावर बसलेल्या माझ्या आईकडे साधा रेडिओ होता.