अ‍ॅपलूसा घोडी अंधार पडला की बिचकते. घ्यावी का?

रानवाट:
आम्ही अमेरिकेत, आयडाहो राज्यात राहतो. मुलीसाठी एक अ‍ॅपलूसा घोडी (ही ठिपकेदार घोड्यांची जात) पाहिली आहे. अंग जवळजवळ पांढरं, मोजकेच ठिपके, खुरांवर उभे पट्टे, नाकपुड्यांभोवती चितकबरी कातडी. दिवसा इतकी गुणी की मुलगी बिनखोगीर बसते. पण दिवस मावळला की तबेल्याच्या दारात अडते, अचानक हात लावला तर दचकते. उजव्या डोळ्यातून पाणी येतं. मालक म्हणतात, नवीन माणसांना बुजते. रंगावर आम्ही भाळलोय हे खरं. काय करावं?

टापा:
सौदा थांबवा, आधी डोळे तपासून घ्या. माझ्याकडे याच जातीची घोडी आहे, तिचा एक डोळा गेलेला आहे, म्हणून कळकळीने लिहिते.

ठिपके आणि डोळे एकाच जनुकाशी बांधलेले आहेत. त्याला 'एलपी' म्हणतात. आई आणि बाप दोघांकडून तो आला की बहुतेक वेळा अंगावर पांढरा भाग असतो, पण ठिपके अगदी थोडे. तुमच्या घोडीचं वर्णन तसंच आहे. अशा घोड्यांना जन्मापासून रातांधळेपणा असतो. तो वाढत नाही, बराही होत नाही. दिवसा नजर ठीक असते. म्हणजे दारात अडणं हा हट्ट नाही, तिला समोरचं दिसतच नसेल. तिला मारू नका, कुणाला मारू देऊ नका. तबेल्यात दिवा ठेवा, जवळ जाताना बोलत जा, अंधारात रपेट नको.

पाणी येणं मात्र वेगळं, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. डोळ्याच्या आत पुन्हा पुन्हा येणारी सूज, म्हणजे युव्हिआयटिस, या जातीत इतर घोड्यांच्या सुमारे आठपट आढळते. त्यातून आंधळेपणा येतो. अ‍ॅपलूसात ती बऱ्याचदा मुकाट्याने वाढते. डोळा लाल नाही, फार दुखतही नाही, आणि आत नुकसान चालू. डोळा किलकिला होणं, निळसर धुरकटपणा, बाहुली बारीक राहणं, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. घरातलं स्टेरॉइडचं मलम लावू नका. बुबुळावर जखम असेल तर त्याने ती चिघळते, म्हणून डॉक्टर आधी डोळ्यात रंग घालून जखम आहे का ते पाहतात. अ‍ॅट्रोपिन (बाहुली मोठी करणारं औषध) दिलं तर लीद नीट पडते आहे ना ते बघा, कारण त्याने आतडी मंदावतात आणि पोटशूळ उठू शकतो.

माशांसाठी आणि उन्हासाठी डोळ्यांवर जाळी बांधा. गुलाबी कातडीवर, विशेषतः पापण्यांच्या कडांना, उन्हाने कॅन्सर होतो. मी खरारा करताना रोज पापण्या उलगडून बघते.

जुनाखोगीर:
टापाताईंशी सहमत. एवढंच जोडतो की जात मुळात कणखर आहे. नेझ पर्स या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांनी ती पलूस नदीच्या मुलखात जोपासली. अमेरिकी सैन्याशी झालेल्या 1877 च्या युद्धानंतर त्यांचे घोडे हिरावले गेले, विखुरले. 1938 मध्ये या जातीची नोंदणी करणारा क्लब निघाला तेव्हा कुठे जात सावरली. क्लब तुमच्याच राज्यात, मॉस्को गावी आहे. नोंदणीचे कागद तिथे पडताळता येतील.

रानवाट:
मनापासून आभार. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पैसे देणार नाही. मुलीला पुढे शिंगरू हवंय. तेही रातांधळं होईल का?

टापा:
आयाळीचे मुळासकट केस प्रयोगशाळेत पाठवा, एलपी कळेल. घोडीत तो दुहेरी निघाला तर ज्याच्यात एलपी मुळीच नाही असा नर निवडा. मग शिंगराला एकच एलपी मिळेल आणि रातांधळेपणा येणार नाही. युव्हिआयटिसचा धोका मात्र तरी राहतो, त्यामुळे त्याचेही डोळे बघत राहावे लागतील. नर क्वार्टर हॉर्स या जातीचा असेल तर त्याची एचवायपीपी चाचणीही मागा. तो स्नायूंचा आनुवंशिक आजार आहे आणि एकाच बाजूने आला तरी पुरतो.