‘ऑफ द बीटन ट्रॅक’ हे बिघडलेल्या मुलाबद्दल म्हणता येईल का?

प्रश्न :
मी एका मराठी कथेचे इंग्रजी भाषांतर करीत आहे. कथेतला धाकटा मुलगा शहरात नोकरीला जातो, जुगाराच्या नादी लागतो आणि घरी पैसे पाठवणे बंद करतो. त्यावर आई ‘पोरगं वाईट मार्गाला लागलं’ एवढेच म्हणते. तिथे मी ‘ही हॅज गॉन ऑफ द बीटन ट्रॅक’ असे योजले आहे, पण सहकाऱ्यांना ते खटकते. वाट सोडणे दोन्हीकडे असताना अडचण नेमकी कोठे आहे?

उत्तर १ :
सहकाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. ‘बीटन ट्रॅक’ (अमेरिकेत बहुधा ‘पाथ’) म्हणजे आपली मळलेली वाट, आणि ती सोडणाऱ्याला इंग्रजीतही कोणी बोल लावत नाही. हा वाक्प्रचार मुख्यतः पर्यटकांची वर्दळ नसलेल्या, आडवाटेच्या ठिकाणांसाठी वापरतात. तुमचे वाक्य वाचून मुलगा एखाद्या दुर्गम खेड्यात मजेत हिंडतो आहे असेच वाटेल.

उत्तर २ :
नीतीची वाट सुटली असेल तर ‘स्ट्रे फ्रॉम द स्ट्रेट अँड नॅरो’ आहे. त्याचे मूळ मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात, जीवनाकडे नेणाऱ्या अरुंद दाराच्या आणि चिंचोळ्या वाटेच्या वचनात आहे. १६११च्या इंग्रजी बायबलमधला तो ‘स्ट्रेट’ सरळ या अर्थाचा नसून अरुंद या अर्थाचा, म्हणजे जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या इंग्रजी नावातलाच आहे. उच्चार सारखा असल्याने पुढे लिहिताना सरळवाला शब्द रूढ झाला. मात्र आज या शब्दांना किंचित थट्टेचा किंवा प्रवचनाचा वास येतो, त्यामुळे चार शब्दांत दुःख गिळणाऱ्या आईच्या तोंडी मी ते घालणार नाही. ‘गॉन ऑफ द रेल्स’ चालेल, पण त्यात वागण्याचा पुरता ताळतंत्र सुटल्याची छटा आहे आणि तुमच्या मुलाची नोकरी अजून शाबूत दिसते.

उत्तर ३ :
मी ‘ही हॅज गॉन अस्ट्रे’ सुचवीन. बायबलमधल्या चुकलेल्या मेंढराच्या दृष्टान्तातही हेच शब्द आहेत; त्यांत दोष आहे, पण चुकलेला परत येईल ही आशाही आहे, आणि आईच्या बोलण्यात तीच असावी. एक काळजी घ्या : टपालात गहाळ झालेल्या वस्तूलाही इंग्रजीत ‘गॉन अस्ट्रे’ म्हणतात. आधीच्या वाक्यात न आलेल्या पैशांचा उल्लेख असेल, तर कर्ता गाळू नका, ‘ही’ किंवा ‘माय बॉय’ असे स्पष्ट लिहा, म्हणजे मनीऑर्डर गहाळ झाली असा समज होणार नाही.